शेजारच्या गावचे चाचे

घराण्यात एखादा संत निघाला तर माणसाला अभिमान वाटतो हे खरे, पण चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट हवी असेल तर घराण्यात एखादा दरोडेखोरच निघावा लागतो. संताचे चरित्र दोन वाक्यांत आटोपते. ते चांगले वागले आणि वारले. दरोडेखोराच्या चरित्राला मात्र काळोख लागतो, पाऊस लागतो, वारा लागतो आणि ऐकणाऱ्यांना अंगावर ओढून घ्यायला घोंगडी लागते.

हे सगळे साहित्य स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फुकट मिळते. हिवाळ्यात उत्तरेकडच्या बेटांवर रात्र दुपारी सव्वातीन-साडेतीनलाच दुकान मांडते. पाऊस थांबला तर लोक काळजीत पडतात. किनारा असा दातेरी, की ब्रह्मदेवाने तो कात्रीने न कापता दातांनी तोडला असावा. शिवाय लहानमोठी धरून ७९० च्या वर बेटे. अशा जागी चाचे, चोरटा माल उतरवणारे आणि फुटलेली जहाजे लुटणारे निघाले नसते तर तो भूगोलाचा अपमान झाला असता.

माझा भाचा एडिंबरोला असतो. तिथे तो संगणकाचे काहीतरी करतो. नेमके काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, म्हणून ती नुसते ‘मोठ्या हुद्द्यावर आहे’ म्हणते. त्याच्याकडे गेलो तेव्हा मी किनारा पाहायची इच्छा व्यक्त केली. तो म्हणाला, “मामा, किनाऱ्यावर बघण्यासारखं काही नाही हो. नुसता वारा आहे.”

त्याची बायको शहाणी. ती म्हणाली, “मामांना गोष्टी ऐकायच्या आहेत. वारा काय, तो घरातही येतो.”

गोष्टी मात्र ऐकाव्या तितक्या थोड्या. आणि चार गावे फिरल्यावर त्या गोष्टींतली एक गंमत माझ्या लक्षात आली. चोरट्या मालाचा विषय निघाला की गावकरी छाती काढून सांगतो, “आमच्या गावासारखं हे काम कुणाला जमलं नाही!” चाच्याचा विषय निघाला की आवाज जरा खाली येतो. “होता खरा आमच्या गावचा, पण मनाने चांगला होता.” आणि खोटा दिवा दाखवून जहाजे खडकावर चढवणाऱ्यांचा विषय काढला की तो खिडकीबाहेर बोट दाखवतो. “ते? ते त्या पलीकडच्या गावचे.”

पलीकडच्या गावात गेले की तेच बोट उलट दिशेला दाखवले जाते. पण ते पुढे येईलच. आधी अभिमानाचा भाग घेऊ.

१७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एक राज्य झाले. मोठ्या घरात धाकट्याचे लग्न होऊन सून यावी तसा प्रकार. दागिन्यांची बोलणी थोरामोठ्यांनी केली आणि घरखर्चाचा हिशोब गरिबांच्या गळ्यात पडला. जकाती वाढल्या. माल्टवर कर, मिठावर कर, ब्रँडीवर कर. चहावर तर इतका, की चहा पिणे ही चैन नसून गुन्हा असल्यासारखे वाटावे. १७८४ साली सरकारने चहावरचा कर कमी केला, तो ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. म्हणजे त्याआधी रुपयाच्या चहावर सव्वा रुपयाच्या आसपास कर! असल्या हिशोबात रात्री गुपचूप होडी काढणारा माणूस लोकांना चोर वाटला नाही, यात नवल काय? तो त्यांना वाणी वाटला. रास्त भावाचा वाणी.

पूर्व किनाऱ्यावर आयमथ नावाचे बंदर आहे. तिथे धक्क्यावरच गन्सग्रीन हाऊस नावाची देखणी हवेली उभी आहे. १७५३ च्या सुमारास जॉन निस्बेट नावाच्या व्यापाऱ्याने ती बांधवली. हा व्यापारी दिवसा एक धंदा करी आणि रात्री दुसरा. भिंतीच्या आत त्याने चहा ओतायला एक गुप्त पन्हळ करून घेतली होती. आज तिथे संग्रहालय आहे आणि तिकीट काढून ती चोरजागा पाहता येते. म्हणजे जी गोष्ट सरकारपासून लपवण्यासाठी एवढा खर्च केला, तीच दाखवून आता खर्च भागवला जातो.

पश्चिमेकडे कल्झीनच्या किल्ल्याखाली गुहा आहेत. तिथली गोष्ट अशी, की एका बॅगपाइपवाल्याला गुहेत भूतबीत काही नाही हे सिद्ध करण्यासाठी कुत्र्यासह आत पाठवले. जमिनीखालून बराच वेळ बॅगपाइप ऐकू आला. मग थांबला. पाइपवाला काही परत आला नाही. स्कॉटलंडात अशा गुहा आणि असे पाइपवाले ठिकठिकाणी आहेत. आपल्याकडे नाही का, प्रत्येक किल्ल्यातून एक भुयार निघते आणि ते थेट दुसऱ्या किल्ल्यात जाते, मध्ये नदी असली तरी! पण या गोष्टीचा उपयोग बघा. ज्या गुहेत ब्रँडीची पिंपे ठेवायची, त्या गुहेत पोरासोरांनी आणि जकातवाल्यांनी डोकावू नये म्हणून कुलपापेक्षा भूत स्वस्त पडते.

या धंद्याला समाजात केवढी मान्यता होती, त्याचा पुरावा जकात खात्यातच सापडतो. अर्थशास्त्राचा आद्यपुरुष ॲडम स्मिथ. त्याने १७७६ च्या आपल्या महाग्रंथात लिहून ठेवले, की चोरटा माल आणणारा हा एरवी उत्तम नागरिक झाला असता, पण कायद्याने त्याला गुन्हेगार केले. दोन वर्षांनी सरकारने याच स्मिथला एडिंबरोत जकात आयुक्त नेमले. खुर्चीत बसल्यावर त्याने बंदी असलेल्या मालाची यादी वाचली, घरी जाऊन कपाट उघडले, आणि पाहतो तो गळपट्टे, झालरी, हातरुमाल, जवळजवळ सगळे बंदीचे! बिचाऱ्याने उदाहरण घालून देण्यासाठी सगळे जाळून टाकले. १७८० च्या जानेवारीत एका मित्राला त्याने हे पत्राने कळवले आणि वर सल्ला दिला, की तू मात्र आपल्या किंवा बायकोच्या कपाटाची तपासणी करू नकोस. अर्थशास्त्रावर इतके व्यवहारी वाक्य पुढे फारसे कुणी लिहिलेले नाही.

दुसरा पुरावा स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स. हा १७८९ पासून अबकारी खात्यात नोकरीला. १७९२ च्या फेब्रुवारीत सॉल्वेच्या उथळ खाडीत ‘रोझामंड’ नावाचे चोरट्या मालाचे गलबत रुतले, ते पकडायला गेलेल्यांत हा होता. कुमक यायला उशीर झाला. तेव्हा दलदलीत उभ्या उभ्या याने सैतान अबकारीवाल्याला नाचत नाचत पळवून नेतो आणि सगळे गाव आनंद करते, असे गाणे रचले, अशी आख्यायिका आहे. दलदलीचे खरेखोटे कुणी पाहिले? पण गाणे त्याचेच, हे नक्की. पगार सरकारचा आणि गाणे सैतानाचे. मला वाटते, जगातल्या यच्चयावत कारकुनांनी या माणसाचा फोटो टेबलावर ठेवावा.

पण हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते असे मात्र नाही. १७३६ साली अँड्र्यू विल्सन नावाच्या चोरट्या व्यापाऱ्याला एडिंबरोत फाशी दिले. जकातवाल्यांनी वारंवार माल जप्त केला, म्हणून त्याने पिटनवीम गावी जकात अधिकाऱ्यालाच लुटले होते. फाशीच्या वेळी गर्दीने दगड मारले, पहाऱ्याचा कप्तान पोर्टियस याच्या तुकडीने गोळीबार केला, माणसे मेली. पोर्टियसला मृत्युदंड झाला, आणि लंडनहून त्याला तहकुबी मिळाली. सप्टेंबरात एका रात्री जमावाने तुरुंग फोडला, पोर्टियसला बाहेर काढले आणि टांगले. सांगतात, की टांगण्यासाठी दोर एका दुकानातून घेतला आणि त्याचे पैसे, एक सोन्याचे नाणे, दुकानात ठेवून लोक गेले. खून केला, पण उधारी ठेवली नाही. लोकांच्या मनात चोरी कशाला म्हणायचे आणि कशाला नाही, याची रेघ कायद्याच्या रेघेपासून कुठल्या कुठे गेली होती, ते या एका नाण्यावरून कळते.

आता आवाज खाली आणून सांगायचा भाग. चाचे.

विल्यम किड हा डंडी गावचा. निदान त्याने स्वतः तसे सांगितले होते. याला १६९५-९६ च्या सुमारास कशासाठी पाठवला? चाचे पकडायला! भांडवल घालणाऱ्यांत मोठमोठे इंग्रज उमराव. हे महाशय हिंदी महासागरात उतरले आणि आपल्या दाराशी आले. १६९७ च्या सप्टेंबरात कारवारला पाणी भरायला थांबले, तिथे त्यांचे काही खलाशी पळून गेले. गोव्याच्या पोर्तुगीजांनी दोन लढाऊ जहाजे त्यांच्या मागावर सोडली, त्यांच्याशी मारामारी झाली. मग १६९८ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्यावर त्याने ‘क्वेडा मर्चंट’ हे बंगालहून सुरतेकडे निघालेले गलबत धरले. आत रेशीम, मलमल, साखर. मालात मोगल दरबारातल्या बड्या धेंडांचा वाटा. झाले! औरंगजेबाचा दरबार खवळला, ईस्ट इंडिया कंपनीची गाळण उडाली, आणि कालचा सरकारी शिपाई आज चाचा ठरला. किडचे म्हणणे, गलबताकडे फ्रेंचांचे परवाने होते आणि फ्रान्सशी युद्ध असल्यामुळे माझी जप्ती कायदेशीर. पण खटल्याच्या वेळी ते कागद मिळाले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लंडनच्याच सरकारी दप्तरात सापडले. दोनशे वर्षांचा उशीर. सरकारी कागद हरवत नाहीत, ते फक्त संबंधित इसम मरेपर्यंत थांबतात.

२३ मे १७०१ रोजी किडला टेम्सकाठी फाशी दिले. दोर तुटला. पुन्हा दिले.

दुसरा जॉन गो. विक गावी जन्मलेला, ऑर्कनी बेटांवर स्ट्रॉमनेसला वाढलेला. १७२४ साली त्याने जहाजावर बंड केले, कप्तानाचा खून झाला, जहाजाचे नाव ठेवले ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड. पुढे पकडले जायची भीती वाटू लागली तेव्हा हा पठ्ठ्या लपायला गेला कुठे, तर स्वतःच्याच गावी! नाव बदलून मिस्टर स्मिथ झाला, जहाजाचेही नाव बदलले आणि लब्धप्रतिष्ठित व्यापाऱ्यासारखा मिरवू लागला. ज्या गावात लहानपणी शेंबूड पुसला त्या गावात नाव बदलून राहता येईल असे वाटणारा माणूस गुन्हेगार असेल, पण धूर्त खचित नव्हे. भांडे फुटले. मग त्याच्या टोळीने क्लेस्ट्रेनची हवेली लुटली, आणि म्हणतात, की जाताना एका बॅगपाइपवाल्याला धरून त्याला वाजवत पुढे चालायला लावले. म्हणजे दरोडासुद्धा वाजतगाजत. शेवटी ईडे बेटाजवळ जहाज उथळ पाण्यात रुतले आणि जेम्स फी नावाच्या जमीनदाराने त्याला पकडले. हा फी गो चा शाळेतला सोबती! ११ जून १७२५ रोजी लंडनला गो ला फाशी दिले. आणि वाचकहो, दोर पुन्हा तुटला. पुन्हा दिले. दोन स्कॉटिश चाचे, दोन्ही वेळा दोर तुटलेला. लंडनच्या कंत्राटदारांविषयी मला काही बोलायचे नाही.

पण गावाने आठवण ठेवली ती वेगळ्याच गोष्टीची. ऑर्कनीत स्टेनेसजवळ ओडिनचा पाषाण नावाची भोकाची उभी शिळा होती. त्या भोकातून प्रेमिकांनी हातात हात दिला की वचन पक्के. गो ने एका मुलीला तिथे वचन दिले होते. तो फासावर गेल्यावर ती लंडनला गेली आणि प्रेताच्या हाताला हात लावून तिने वचन परत घेतले, नाहीतर दुसऱ्याशी लग्न केल्यावर त्याचे भूत मानगुटीवर बसले असते, असे सांगतात. ही गोष्ट स्ट्रॉमनेसच्या बेसी मिली नावाच्या म्हातारीने १८१४ साली वॉल्टर स्कॉटला सांगितली. ही बाई खलाशांना सहा पेन्सांत अनुकूल वारा विकत असे. वारा सुटला की पैसे वसूल, नाही सुटला तर थांबा. स्कॉटने गो वरून ‘द पायरेट’ ही कादंबरी लिहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका शेतकऱ्याने ती शिळा फोडून टाकली. खवळलेल्या लोकांनी त्याचे घर जाळायचा प्रयत्न केला म्हणतात. चाच्याने शेकडो मैलांवर जहाज लुटले ते लोकांनी पोटात घातले, पण वचनाचा दगड फोडणाऱ्याला सोडले नाही.

तिसरा जॉन पॉल जोन्स. हाही स्कॉटिश, सॉल्वेच्या काठचा. अमेरिकेत तो आरमाराचा महापुरुष, इंग्रजांच्या लेखी चाचा. १७७८ मध्ये हा आपल्याच मुलखात सेल्कर्कच्या अर्लला पळवायला उतरला. अर्ल घरी नव्हते. खलाशांनी घरची चांदीची भांडी नेली. जोन्सने नंतर ती पदरच्या पैशांनी खलाशांकडून विकत घेतली आणि बाईसाहेबांना परत पाठवली. चहादाणीत त्या दिवशीचा चहाचा चोथा तसाच होता, अशी कथा आहे. पुढच्या वर्षी तो फोर्थच्या खाडीत लढाऊ जहाजे घेऊन घुसला, तेव्हा कर्कॉडीचे धर्मोपदेशक शिरा यांनी वाळूवर बसून देवाकडे वारा बदलून मागितला. वारा बदलला! लोकांनी धन्यवाद दिले तेव्हा ते म्हणाले म्हणे, की मी नुसती प्रार्थना केली, वारा पाठवणारा दुसरा. बेसी मिलीने हेच काम सहा पेन्सांत केले असते.

तर चाचा कोण आणि आरमारप्रमुख कोण, हे दौत कुणाच्या टेबलावर आहे त्यावर ठरते. आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांच्या दप्तरात चाचाच म्हटले आहे. छत्रपतींचा सरखेल, पण मुंबईकर इंग्रजांचा परवाना घ्यायला गेला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता पलीकडच्या गावाचा भाग.

किनाऱ्यावर खोटा दिवा हलवायचा, तो बघून कप्तानाने बंदर समजावे, जहाज खडकावर फुटावे, आणि मग माल लुटावा. ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. पण इतिहासकारांनी कागदपत्रे चाळली, तेव्हा असे मुद्दाम जहाज फोडल्याचा भक्कम पुरावा ब्रिटनच्या किनाऱ्यावर हाती लागत नाही असे त्यांना आढळले. एका वृद्ध कोळ्याने मला याचे कारण बिअरच्या ग्लासावर सांगितले. “काळोखात दिवा दिसला की खलाशी त्याच्याकडे जातो का त्याच्यापासून लांब पळतो?” मी म्हटले, “लांब पळतो.” तो म्हणाला, “मग? दिवा म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे मरण.” हे इतके सरळ होते, की कादंबरीकारांच्या ध्यानात येणे शक्यच नव्हते.

फुटलेल्या जहाजांवर लोक जगत मात्र होते. सँडे नावाचे ऑर्कनीचे एक सपाट बेट आहे. इतके सपाट, की काळोखात गलबताला ते दिसतच नसे. झाडे औषधालाही नाहीत. दीपगृहे बांधणारा रॉबर्ट स्टीव्हन्सन तिथे गेला तेव्हा त्या भागात त्याला शेतांची कुंपणे महोगनी आणि देवदाराची आढळली! ज्या मुलखात चुलीला काटकी मिळत नाही तिथे गुरांना महोगनीचा गोठा. एका बेटावर तर वाइनचे जहाज फुटल्यावर गावकरी जवाच्या आंबिलीत उंची फ्रेंच क्लॅरेट कालवून खात होते. एका वाटाड्याच्या होडीची शिडे फाटकी बघून स्टीव्हन्सनने टोकले, तर वाटाड्या म्हणाला, तुम्ही हे दिवे लावत आला नसतात तर आमची शिडे चांगली असती, आणि इतरही बरेच काही असते. यातला विनोद मला आवडतो, आणि दुसऱ्या क्षणी घशाशी अडकतो. कारण त्या एकेका महोगनीच्या फळीमागे किती माणसे बुडाली, ते कुंपण सांगत नाही. वाटाड्यालाही ते माहीत होते. पण बुडालेले परत येणार नव्हते आणि हिवाळा येणार होता.

वर आणखी एक समजूत या बेटांवर होती, की समुद्राच्या तोंडून बुडता माणूस ओढून काढू नये, नाहीतर समुद्र त्याच्या बदल्यात तुम्हाला नेईल. हिशोबाचा चोख सावकार.

स्टीव्हन्सनने मात्र दिवे लावायचे सोडले नाही. सँडेच्या टोकाला १८०६ मध्ये स्कॉटलंडातले पहिले फिरते दीप त्याने लावले. मग त्याने हात घातला बेल रॉकला. आरब्रोथपासून ११ मैलांवर समुद्रात हा खडक, भरतीला पूर्ण बुडतो. जुनी कथा अशी, की आरब्रोथच्या मठाधिपतीने त्यावर घंटा बांधली होती. लाटांनी ती वाजे आणि खलाशी सावध होत. राल्फ नावाच्या चाच्याने मठाधिपतीची खोड मोडायला घंटा कापली, आणि पुढे धुक्यात त्याचेच जहाज त्याच खडकावर फुटले. सदी या इंग्रज कवीने या कथेवर कविता केली. इतिहासात या राल्फचा पत्ता नाही. पण कथेला पत्ता लागत नाही, न्याय लागतो.

१८०७ ते १८१० या काळात ओहोटीचे मोजके तास साधत दीपगृह बांधले गेले. १८०७ च्या सप्टेंबरात एकदा त्यांचे जहाज साखळी तुटून वाहत गेले. खडकावर ३२ माणसे, भरती चढत चाललेली, आणि होड्यांत जागा थोडी. स्टीव्हन्सन काही बोलायला गेला तर कोरड पडून तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात आरब्रोथहून टपाल घेऊन येणारी होडी धुक्यातून दिसली आणि सगळे वाचले. टपाल वेळेवर आल्याचे इतके चांगले उदाहरण इतिहासात दुसरे नसेल. १ फेब्रुवारी १८११ रोजी दिवा लागला. तो बुरूज आजही उभा आहे.

याच रॉबर्टचा नातू रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. घराण्याचा धंदा दीपगृहांचा, पोराला इंजिनिअर करायला घातले, पोरगे गेले वाया, म्हणजे लेखक झाले. १८८३ मध्ये त्याचे ‘ट्रेझर आयलंड’ पुस्तकरूपाने आले. आजोबांनी किनाऱ्यावरचा जहाजफुटीचा धंदा बसवला, नातवाने जगभरच्या चाच्यांना कायमची नोकरी लावली.

तरी समुद्राने जाता जाता एक बक्षीस दिलेच. ५ फेब्रुवारी १९४१ ला ‘पॉलिटिशियन’ नावाचे मालवाहू जहाज एरिस्के बेटाजवळ रुतले. पोटात सुमारे २,६४,००० बाटल्या व्हिस्की, परदेशी निघालेली, म्हणून कर न भरलेली. युद्धाचे दिवस, गावात घोटभर मिळायची मारामार! खलाशी सगळे सुखरूप निघाले, तेव्हा मनाला टोचणी नव्हती. तेलाचे डाग पडून पकडले जाऊ नये म्हणून बापे लोक बायकांचे जुने झगे घालून जहाजात उतरत. बाटल्या वाळूत, पीटच्या ढिगात, कुठे कुठे पुरल्या. जकात अधिकारी मागे लागला, काहींना तुरुंग दाखवला, आणि १९४२ मध्ये उरलेली व्हिस्की सुरुंग लावून उडवली. तो स्फोट बेटावर अजून कुणी माफ केलेला नाही. यावर कॉम्प्टन मॅकेन्झीची कादंबरी झाली, १९४९ मध्ये चित्रपट झाला. गोष्ट सगळे हसून सांगतात, कारण तीत कुणी मेले नाही.

ज्यात मेले, त्याची गोष्ट करत नाहीत. ती त्यांना नुसती माहीत असते.

ऑर्कनीतच, गो जिथे वाढला तिथून फार लांब नाही, लाँगहोप नावाचे गाव आहे. १७ मार्च १९६९ च्या रात्री पेंटलंडच्या सामुद्रधुनीत भयंकर वादळ होते. लायबेरियाचा झेंडा लावलेले ‘आयरीन’ हे जहाज संकटात सापडले. लाँगहोपची लाइफबोट पाण्यात ढकलली गेली. आठ माणसे. पगारी नव्हेत, गावचीच, स्वतःच्या खुशीने जाणारी. त्यांत एक बाप आणि त्याचे दोन मुलगे, दुसरा एक बाप आणि त्याचे दोन मुलगे. कुणाचे जहाज, कोण खलाशी, कुठल्या देशाचे, कुणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी लाइफबोट उलटलेली सापडली. आठातला एकही वाचला नाही. ‘आयरीन’ तोवर किनाऱ्याला लागले होते आणि त्यातले सगळे खलाशी किनाऱ्यावरच्या माणसांनी दोराने ओढून सुखरूप काढले.

ज्यांच्या पूर्वजांबद्दल दूरच्या लेखकांनी खोट्या दिव्यांच्या गोष्टी लिहिल्या आणि बुडत्याला हात देऊ नये असे ज्यांना आजी सांगत आली, ती ही माणसे. समुद्राने त्या रात्री बदल्यात माणसे नेली, म्हणजे आजीचा हिशोब खरा ठरला. पण तो माहीत असूनही ती गेली होती.

गावाने लवकरच नवी लाइफबोट मागवली, आणि तिच्यासाठी नवी माणसे त्याच गावातून उभी राहिली. समुद्राकडे तोंड केलेला एक ब्राँझचा लाइफबोटवाला तिथल्या दफनभूमीत उभा आहे. तिथे मी कुणाला काही विचारले नाही. त्या गावात पलीकडच्या गावाकडे बोट दाखवायची कुणाला गरजच पडत नसावी.